वेगाच्या आत दडलेली संथ चाल

१९९१ साली नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, हाउगेसुंद शहराच्या परिसरात, दोन मुलांनी एक बँड काढला. गिटार वाजवणारा इव्हार ब्यर्नसन तेरा वर्षांचा होता आणि बास वाजवत गाणारा ग्रुटले शेल्सन सतरा वर्षांचा. इमॉर्टल या बँडच्या एका डेमोतल्या गाण्यावरून त्यांनी नाव घेतलं: एन्स्लेव्ड. २०२३ साली या बँडचा सोळावा अल्बम आला. मधल्या काळात ड्रमवादक बदलले, कीबोर्डवादक बदलले, गिटारवादक बदलले. हे दोघे मात्र जागचे हलले नाहीत.

त्यांचा पहिला अल्बम आणि सोळावा अल्बम लागोपाठ ऐकले तर हे एकाच बँडचं काम आहे यावर सहज विश्वास बसत नाही. पण मधले चौदा क्रमाने ऐकत गेलं, की कुठेही तुटल्याची जागा सापडत नाही. इतकं बदलायचं आणि आधीचं काहीच टाकून द्यायचं नाही, हे त्यांनी कसं साधलं असेल? उत्तर शोधण्यासाठी आधी त्यांच्या संगीताचा कच्चा माल समजून घ्यावा लागतो.

हा कच्चा माल म्हणजे ब्लॅक मेटल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात नुसता कल्लोळ ऐकू येतो. प्रत्यक्षात त्या कल्लोळाची रचना फार नेमकी असते. गिटारवादक एकच सूर पिकने खालीवर, खालीवर असा अखंड छेडत राहतो. मिनिटाला २०० ठोक्यांची लय आणि प्रत्येक ठोक्यात चार आघात धरले, तर सेकंदाला तेराहून अधिक आघात होतात. सुटे आघात सेकंदाला साधारण वीसच्या पुढे गेले, की माणसाच्या कानाला ते वेगळे ऐकू येईनासे होतात आणि त्यांचा सलग सूर बनतो. हे संगीत त्या उंबरठ्याच्या अगदी अलीकडे उभं असतं. पंखा पूर्ण वेगात आला की पाती दिसेनाशी होऊन तबकडी दिसू लागते, तसे हे आघात मिसळून एक थरथरता पडदा तयार होतो. ड्रमवरही तेच चाललेलं असतं.

आता त्या पडद्यावरची चाल ऐकायची. ती सावकाश सरकते. एका सुरावरून दुसऱ्यावर जायला कधी चार ठोके लागतात, कधी आठ, कधी सोळा. म्हणजे वादकांचे हात अतिद्रुत लयीत असतात आणि चाल विलंबितात असते. ऐकणाऱ्याने कान हातांवरून काढून चालीकडे नेला, की तेच गाणं क्षणात संथ आणि विशाल होतं. मला या संगीतातली ही सर्वांत अद्भुत गोष्ट वाटते: वेग इतका वाढवायचा, की त्यातून स्थिरता निर्माण व्हावी.

दुसरी गोष्ट सुरांच्या मेळाची. रॉकमध्ये गिटारचा आवाज विद्युत परिपथातून मुद्दाम फाटका केला जातो. असं केलं की छेडलेल्या सुरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी सूर जन्मतात. फक्त षड्ज आणि पंचम छेडले तर हे नवे सूर मूळ सुरांशी जुळतात आणि आवाज भरीव, स्वच्छ राहतो. म्हणून हार्ड रॉकचा बराच डोलारा याच जोडीवर उभा आहे. त्यात कोमल गंधार मिसळला, की न जुळणाऱ्या सुरांची गर्दी होते आणि सगळं धूसर होतं. नॉर्वेतल्या या मुलांना ती धूसरताच हवी होती. त्यांनी कोमल गंधारासह पूर्ण सुरावळी त्या फाटक्या आवाजात छेडल्या आणि धुक्यासारखा पसरणारा एक उदास, थंड नाद मिळवला. त्यावर घशाचा खरखरीत चीत्कार, ज्यात शब्दांपेक्षा श्वास आणि ताण जास्त ऐकू येतो.

हे सगळं घडत होतं तो काळ नॉर्वेत काळोखा होता. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचं फांटोफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळण्यात आलं. त्यानंतर आणखी चर्चेस जळाली. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम या बँडचा गिटारवादक एयस्टाइन ओर्सेट, म्हणजेच युरोनिमस, याचा खून झाला. ‘डेथलाइक सायलेन्स’ ही ध्वनिमुद्रण संस्था त्याचीच, आणि एन्स्लेव्डचा पहिला अल्बम ‘व्हायकिंगलिग्र वेल्डी’ त्याच्या मृत्यूनंतर १९९४ मध्ये याच संस्थेतर्फे बाहेर पडला. त्या गुन्ह्यांच्या बातम्या जगभर पोहोचल्या आणि आजही या संगीताची ओळख बऱ्याचदा तिथूनच करून दिली जाते. मला ती ओळख अपुरी वाटते, कारण त्याच वर्षांत त्याच देशात केवळ सुरांच्या वाटेने पुढे निघालेली ही मुलंही होती.

भोवतालचे बँड सैतानाची गाणी गात असताना एन्स्लेव्डने आपल्या भूमीच्या पुराणकथा निवडल्या. त्यांच्या घरापासून जवळच, कार्मॉय बेटावरचं आवाल्डस्नेस हे हाराल्ड फेअरहेअर या राजाशी जोडलेलं प्राचीन ठिकाण आहे. त्या राजाच्या स्मरणार्थ १८७२ मध्ये उभारलेला स्तंभ हाउगेसुंदमध्येच आहे. ओडिन, थोर, हाइमडाल या देवांच्या कथा मात्र मुख्यतः आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवल्या गेल्या आणि जुन्या नॉर्स भाषेच्या सर्वांत जवळ राहिलेली भाषाही आइसलँडिकच. म्हणून या किशोरवयीन नॉर्वेजियन मुलांनी पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी चक्क आइसलँडिकमध्ये लिहिली. अल्बममध्ये पाचच गाणी, एकूण वेळ सुमारे पन्नास मिनिटं. एकच सुरावट मिनिटामागून मिनिटं फिरत राहते आणि तिच्या कडेने कीबोर्डचे सूर हळूहळू उजळत जातात. इव्हार तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता.

ध्वनिमुद्रण झालं बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये. हे त्या शहराचं मोठं संगीत सभागृह, संगीतकार एडवर्ड ग्रीग यांच्या नावाचं. १७६५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या बर्गन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं घर हेच. त्याच इमारतीतल्या स्टुडिओत आइरिक हुंडविन, ज्याला सगळे ‘पिटेन’ म्हणतात, या ध्वनितंत्रज्ञाने मेहेम, एम्परर, इमॉर्टल आणि एन्स्लेव्ड यांचे अल्बम घडवले. सिम्फनीसाठी बांधलेल्या वास्तूत हा सर्वांत उग्र नाद आकाराला आला, हा योगायोग विचारात पाडणारा आहे.

१९९४ मध्येच दुसरा अल्बम ‘फ्रॉस्ट’ आला. तो अधिक धारदार, अधिक आटोपशीर होता. १९९७ च्या ‘एल्ड’ची सुरुवात तब्बल सोळा मिनिटांच्या गाण्याने होते. विषय इ.स. ७९३ चा: इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न मठावरचा हल्ला, जिथून व्हायकिंग युगाची सुरुवात मोजली जाते. त्या गाण्यात ग्रुटले चीत्कार बाजूला ठेवून मोकळ्या गळ्यानेही गातो. पुढे जे होणार होतं त्याचं बीज इथे उघड दिसतं. १९९८ च्या ‘ब्लडहेम्न’मध्ये त्यांनी पुन्हा वेगाची कास धरली, आणि मग खरं वळण आलं.

२००० चा ‘मारड्राउम’, २००१ चा ‘मोन्युमेन्शन’ आणि २००३ चा ‘बिलो द लाइट्स’ हे तीन अल्बम म्हणजे जणू कान उघडण्याची तीन वर्षं आहेत. लय तुटते, मोडते, पुन्हा जुळते. किंग क्रिम्सन, पिंक फ्लॉइड, जेनेसिस यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचे रंग मिसळू लागतात. ‘बिलो द लाइट्स’चं पहिलं गाणं मेलोट्रॉनच्या सुरांनी उघडतं. या वाद्याची रचना मोठी गमतीची आहे: प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक तुकडा, त्यावर व्हायोलिन किंवा बासरीचा खरा सूर मुद्रित केलेला, पट्टी दाबली की टेप धावते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. त्यामुळे मेलोट्रॉनच्या प्रत्येक सुराला किंचित कंप असतो आणि ठरलेलं आयुष्य असतं. त्या थरथरत्या, मावळत्या सुरांवर एन्स्लेव्डच्या गिटारी कोसळतात तेव्हा लक्षात येतं, की ही दोन्ही संगीतं फार दूरची नव्हतीच. लांबलचक रचना, मंत्रासारखी आवर्तनं, कथेच्या अंगाने वाढणारं गाणं: प्रोग्रेसिव्ह रॉककडून घ्यायच्या या गोष्टी १९९४ च्या त्या पाच गाण्यांत आधीपासून होत्या.

२००४ च्या ‘इसा’त हे सगळं जुळून आलं. रुन या प्राचीन लिपीतल्या, बर्फ असा अर्थ असलेल्या अक्षरावरून नाव घेतलेल्या या अल्बमपासून हर्ब्रांड लार्सन कीबोर्डवर बसला आणि मोकळ्या, मृदू आवाजात गाऊही लागला. आर्वे इसडालच्या गिटारमुळे एकल वादनाला झळाळी आली. आता बँडकडे दोन गळे होते. ग्रुटलेचा चीत्कार आणि हर्ब्रांडचं गाणं एकाच सुरावळीवर आळीपाळीने येतात आणि तीच सुरावळ एकदा वादळ वाटते, एकदा त्याच वादळाकडे उंचावरून पाहणं वाटते. खालचे सूर तसूभरही बदललेले नसतात. नॉर्वेचा मानाचा संगीत पुरस्कार ‘स्पेलेमानप्रिसेन’ या अल्बमला मिळाला आणि २००६ च्या ‘रून’लाही. २००८ च्या ‘व्हर्टिब्रे’चं मिक्सिंग टूल या बँडबरोबर काम केलेल्या जो बारेसी याने केलं, त्यात शांततेला इतकी जागा आहे, की एकेका वाद्याभोवतीची हवा ऐकू यावी.

संगीताबरोबर कथाही आत वळल्या. सुरुवातीला पुराणकथा म्हणजे देव, लढाया, जहाजं होती. पुढे त्या मनाचा नकाशा बनल्या. २०१७ च्या ‘ई’ अल्बमच्या केंद्रस्थानी घोड्याचं रुन अक्षर आहे: घोडा आणि माणूस, एकमेकांवाचून अपुरे असलेले दोन जीव. २०२० च्या ‘उटगार्ड’चं नाव राक्षसांच्या त्या प्रदेशाचं, जिथे देवांची सत्ता चालत नाही, अल्बममध्ये तो प्रदेश माणसाच्या अबोध मनाचं रूप घेतो. त्यातलं एक गाणं सिंथेसायझरच्या यंत्रवत ठेक्यावर, सत्तरच्या दशकातल्या जर्मन प्रायोगिक रॉकच्या वाटेने धावतं. ड्रमवर इव्हर सॅन्डॉय आहे, जो आधी त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा सहनिर्माता होता आणि आता गातोही.

या दोन अल्बमांच्या आधी एक घटना घडली, जिचं महत्त्व नॉर्वेबाहेर फारसं कळलं नाही. १७ मे १८१४ रोजी आइड्सव्होल इथे नॉर्वेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या. तिच्या द्विशताब्दीनिमित्त, २०१४ मध्ये, इव्हार ब्यर्नसन आणि वार्डरुना या बँडचा आइनार सेल्विक यांच्याकडून एक खास रचना करून घेण्यात आली आणि ती आइड्सव्होलमध्येच सादर झाली. ‘स्कुग्श्या’ हे तिचं नाव. सेल्विक एकेकाळी गोर्गोरोथ या ब्लॅक मेटल बँडचा ड्रमवादक होता. जुनी तंतुवाद्यं आणि विजेच्या गिटारी तिथे एकत्र वाजल्या. त्याच्या वीस वर्षं आधी ज्या संगीताकडे देश भयाने पाहत होता, त्याच संगीतातून आलेल्या दोघांना देशाच्या इतिहासाबद्दल बोलायला बोलावलं गेलं.

आणि २०२३ चा ‘हाइमडाल’. या देवाच्या नावाचं गाणं त्यांनी १९९२ च्या डेमोतच केलं होतं. हाइमडाल देवांचा पहारेकरी. पक्ष्यालाही लागते त्याहून कमी झोप त्याला पुरते, आणि गवत वाढताना, मेंढ्यांच्या अंगावर लोकर उगवताना होणारा आवाज त्याला ऐकू येतो, असं कथा सांगते. अल्बम शिंगाच्या नादाने सुरू होतो. त्यातल्या ‘कॉन्जेलिया’ या सुमारे आठ मिनिटांच्या गाण्यात एकच कोरडी, थंड सुरावट फिरत राहते, थेट १९९४ सारखी. फरक इतकाच, की तिच्या भोवती आता तीस वर्षांत ऐकलेलं सगळं जग आहे.

माझ्या मते एन्स्लेव्डच्या प्रवासाचं रहस्य या ऐकण्यात आहे. त्यांनी प्रत्येक वेळी बाहेरून जे घेतलं, त्यासाठी आपल्या आवर्तनांत आधीच कुठे जागा आहे हे ओळखून घेतलं. म्हणून मेलोट्रॉन त्यांच्याकडे उपरा वाटत नाही, मोकळा गळा तडजोड वाटत नाही आणि चीत्कार जुनी सवय वाटत नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर ‘इसा’पासून करावी. तिथून एकदा मागे ‘व्हायकिंगलिग्र वेल्डी’कडे जावं आणि एकदा पुढे ‘उटगार्ड’कडे. ड्रमचे ठोके मोजायचे नाहीत, शब्द पकडायची धडपड करायची नाही. फक्त सूर कधी बदलतो याची वाट पाहायची. तो बदल एकदा कानाला सापडला, की या संगीताचं दार उघडतं, आणि मग सोळा अल्बमही थोडे वाटतात.