पंचाहत्तरीनंतर अँजिओप्लास्टी: आयुष्य वाढतं की जगणं सोपं होतं?

समजा, वसईतल्या गास गावात 76 वर्षांचे एक आजोबा आहेत. वाडीत दोन फेऱ्या मारल्या की त्यांची छाती दुखते, बसल्यावर थांबते. डॉक्टर अँजिओप्लास्टी सुचवतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'आयुष्य वाढेल ना?'

मोठा हार्ट अटॅक येऊन रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल, तर ती तातडीने उघडल्यास जीव वाचू शकतो. तिथे वेळ दवडू नये.

पण आजोबांसारखा, चालल्यावरच जाणवणारा त्रास असेल तर? 'इस्केमिया' या अभ्यासात 37 देशांतले 5,179 रुग्ण होते. 2020मध्ये त्याचे निष्कर्ष आले. औषधांसोबत सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र ज्यांची छाती वारंवार दुखायची, त्यांचा त्रास कमी झाला आणि रोजची कामं सोपी झाली.

म्हणून डॉक्टरांना विचारा: आज जे जमत नाही, ते यानंतर जमेल का? आधी औषधं वाढवून पाहता येईल का? वय आणि किडनी पाहता धोका किती?

स्टेंट बसवला म्हणजे काम संपलं नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. उतारवयात याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. शौचाला काळं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की आजोबांना खाटेवर बसवून ठेवू नका. वाडीतल्या फेऱ्या हळूहळू पुन्हा सुरू होऊ द्या.