सॅम्पल कोण निवडतं? सदाशिव अमरापूरकरांचं उदाहरण घेऊन



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण आहेत. या टप्प्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "सॅम्पल किती घेऊ?" मीही हाच विचारला होता. आज त्याच्या आधीच्या प्रश्नाबद्दल बोलू या. सॅम्पल निवडतंय कोण?

आधी माझी फजिती सांगते. माझं काम विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे. पहिल्या वर्षी मी घोडेगाव आणि आसपासच्या शिवारातून पाण्याचे नमुने गोळा केले. बाटल्या धुणं, लेबल लावणं, बर्फाच्या डब्यातून नेणं, सगळं नियमाप्रमाणे. निकालही छान आले. मॅडमनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "या सगळ्या विहिरी डांबरी रस्त्याला लागून कशा काय?" उत्तर सोपं होतं. माझी स्कूटी तिथपर्यंतच जात होती. मॅडम म्हणाल्या, "मग विहिरी तू नाही निवडल्यास, रस्त्याने निवडल्या." सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

त्याच सुमारास घरी एक गोष्ट घडली आणि माझी चूक मला नीट कळली. टीव्हीवर 'सडक' लागला होता. महाराणी पडद्यावर आली तसे आमचे अण्णा म्हणाले, "हा आपल्या नगरचा बरं का! पण आयुष्यभर व्हिलनच केला बिचाऱ्याने." मी बाजाराच्या दिवशी ओळखीच्या चार लोकांना सहज विचारलं, "सदाशिव अमरापूरकर म्हटलं की काय आठवतं?" कुणी महाराणी म्हणालं, कुणी रामा शेट्टी. फक्त एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "महात्मा फुले."

आता या उत्तरांना डेटा समजा. निष्कर्ष काय निघतो? अमरापूरकर म्हणजे खलनायक, आणि गुरुजींचं उत्तर म्हणजे एखादं चुकीचं रीडिंग. आपण असं 'विचित्र' रीडिंग पटकन खोडून टाकतो. थांबा. आधी कारकीर्द बघू.

कारकीर्द थोडक्यात

अमरापूरकरांचा जन्म ११ मे १९५० चा, नगरचा. पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहासात एम. ए. केलं. नाटकाची आवड आधीपासून होती, आणि हिंदी सिनेमात येण्याआधी ते मराठी रंगभूमीवर चांगले रुळलेले होते. '२२ जून १८९७' हा नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ चा मराठी चित्रपट. त्यात त्यांनी लोकमान्य टिळकांची भूमिका केली.

मग 'हँड्स अप' हे नाटक आलं. त्यात भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर त्यांच्यासोबत होते. या नाटकातलं त्यांचं काम गोविंद निहलानींच्या नजरेत भरलं आणि १९८३ च्या 'अर्धसत्य'मध्ये रामा शेट्टीची भूमिका मिळाली. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, समोर ओम पुरी. रामा शेट्टीच्या वाट्याला प्रसंग थोडेच आहेत, पण ज्याने सिनेमा पाहिला तो हा माणूस विसरत नाही. सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांना याच भूमिकेसाठी मिळालं.

पुढे 'हुकूमत' (१९८७) आला, मग महेश भट्ट यांचा 'सडक' (१९९१). फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तेव्हा तो पहिल्यांदा अमरापूरकरांनाच मिळाला, महाराणीसाठी.

पण याच काळात, १९८८ मध्ये, दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका आली. त्यात महात्मा फुले झाले होते अमरापूरकर. म्हणजे गुरुजी बरोबर होते! नंतर 'कुली नंबर वन'मध्ये (१९९५) लग्नं जुळवणारा शादीराम घरजोडे आहे, 'इश्क'मधला (१९९७) श्रीमंत बाप आहे. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी' आणि 'वास्तुपुरुष'मध्येही ते आहेत. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

टिळक, फुले, रामा शेट्टी, महाराणी, घरजोडे, सगळं एकाच माणसाने केलं. मग आमच्या बाजारातल्या लोकांना दोनच भूमिका का आठवल्या?

सॅम्पल आपल्यासाठी कोण कोण निवडून ठेवतं?

एक, घरातला टीव्ही. पुन्हा पुन्हा लागतात ते हिंदी सिनेमे. 'सडक' दहा वेळा पाहिला गेला, फुल्यांचा भाग एकदाच. लोकांनी अमरापूरकरांच्या कामातून नमुना घेतलाच नाही, चॅनेलने दिला तो घेतला. माझ्या रस्त्यालगतच्या विहिरी आणि हे, प्रकार एकच आहे. याला सोयीचा नमुना म्हणतात. सोयीचा नमुना घेणं गुन्हा नाही. तो सगळ्या शिवाराचा आहे असं सांगणं मात्र चूक आहे.

दोन, पुरस्कार. पुरस्कारांच्या यादीवरून काम मोजलं तर अमरापूरकरांच्या नावापुढे मुख्यतः या दोन नकारात्मक भूमिका ठळक दिसतात. शोधनिबंध वाचतानाही आपण जास्त सायटेशनवालेच आधी वाचतो, आणि तेवढंच क्षेत्र आहे असं समजतो. इथे वर्षाचीही एक गंमत आहे. 'सडक' १९९१ चा, पण पुरस्कार समारंभ १९९२ चा. एका ठिकाणी एक साल दिसतं, दुसरीकडे दुसरं. दोन्ही बरोबर असतात, मोजलेली गोष्ट वेगळी असते. तुमच्या तक्त्यात 'वर्ष' असा कॉलम असेल तर ते कशाचं वर्ष, हे कॉलमच्या डोक्यावरच लिहा.

तीन, टिकून राहिलेलं साहित्य. सिनेमाची प्रिंट राहते, मालिकेचं रेकॉर्डिंग राहतं. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. उरतात जाहिराती, परीक्षणं, फोटो, प्रेक्षकांच्या आठवणी. अमरापूरकरांची उमेदवारीची वर्षं रंगभूमीवर गेली, म्हणजे ज्या काळात नट घडला त्याच काळाचा पुरावा सगळ्यात पातळ. पुरावा कमी सापडतो म्हणून काम कमी होतं असं लिहू नका.

चार, शोधाचा शब्द. हे फार कमी जण तपासतात. अमरापूरकरांचं मूळ नाव गणेशकुमार नरवडे, आणि छापील मजकुरात या आडनावाची एकाहून अधिक रूपं सापडतात. 'सदाशिव अमरापूरकर' एवढंच शोधलं तर नटाच्या नोंदी मिळतील, विद्यार्थ्याच्या नाही. जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर झालंय, जुन्या नोंदी 'अहमदनगर' किंवा नुसत्या 'नगर'खाली आहेत. साहित्य परीक्षण सुरू करण्याआधी आपल्या विषयाची सगळी नावं, स्पेलिंगं आणि मराठी-इंग्रजी रूपं एका कागदावर लिहून काढा.

पाच, आपण मांडलेला प्रश्न. मी "नट म्हणून काय आठवतं" याच सुरात विचारलं, म्हणून उत्तरंही भूमिकांचीच आली. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासोबत नाटकाचे प्रयोग करणारे अमरापूरकर माझ्या प्रश्नात मावलेच नाहीत. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून तो निधी उभा राहिला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीशीही त्यांचं नातं होतं. पडद्यावर माणसं ज्याला घाबरायची, तो नट पडद्याबाहेर हे करत होता. प्रश्नावली बनवताना स्वतःला विचारा, माझ्या प्रश्नामुळे कोणतं उत्तर येऊच शकत नाही?

मग करायचं काय?

सगळ्या विहिरी कुणालाच तपासता येत नाहीत. सगळे सिनेमे कुणी पाहू शकत नाही. पण तीन गोष्टी जमतात. पहिली, नमुना घेण्याआधी पूर्ण यादी करा. मी दुसऱ्या वेळी आधी शिवारातल्या विहिरींची यादी केली, रस्त्यापासूनच्या अंतराप्रमाणे गट पाडले आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून विहिरी काढल्या. काही ठिकाणी कांद्याच्या वाफ्यांमधून चिखल तुडवत जावं लागलं. दुसरी, वेगळं रीडिंग खोडण्याआधी ते का आलं ते शोधा. गुरुजींसारखं एखादंच उत्तर कधीकधी बरोबर असतं. तिसरी, जिथे नमुना अपुरा आहे तिथे मर्यादा स्पष्ट लिहा. मर्यादांचा परिच्छेद लिहिला म्हणून व्हायव्हात मार्क जात नाहीत. तो नसेल तर मात्र तासभर उभं राहावं लागतं.

या आठवड्यात एवढंच करून बघा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सॅम्पलिंगचं पान काढा आणि प्रत्येक नमुन्यासमोर पेन्सिलने लिहा, हा मी निवडला की सोयीने निवडला? प्रामाणिकपणे लिहा, कुणाला दाखवायचं नाहीये.

अण्णांना मी फुल्यांचा भाग मोबाईलवर लावून दिला. शेवटपर्यंत पाहिला त्यांनी. मग म्हणाले, "हा तोच का गं?" तोच होता. आपण पाहिला नव्हता.