महापूर आणि स्त्रियांचे वेगधारण

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत मजल मारली. शिरोळ, पलूस तालुक्यांतील गावेच्या गावे शाळा व मंगल कार्यालयांच्या आश्रयास गेली. जुलै २०२१ मध्ये कृष्णाकाठी पुन्हा महापूर आला. चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश व काल यांची विकृती वर्णिली आहे. पुरात उदक व देश उघडच बिघडतात. परंतु हा बिघाड स्त्रीशरीरास निराळ्या वाटेने पोहोचतो, याकडे आम्ही वैद्यवर्गाचे लक्ष वेधू इच्छितो.

निवाऱ्यात माणसे पुष्कळ, स्वच्छतागृहे मोजकी आणि तीही सामायिक. स्त्री अंधार पडण्याची वाट पाहते. त्यासाठी दिवसभर पाणीच पीत नाही. ‘नवेगान्धारणीय’ अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. पण तो तिला ऐकवून काय उपयोग? वेगधारण हा येथे प्रज्ञापराध नव्हे, नाइलाज आहे. मूत्रकृच्छ्राची तक्रार ती आपण होऊन सांगत नाही. “अंगात कणकण हाय” एवढेच म्हणते. म्हणून लघवीविषयीचा प्रश्न वैद्यानेच, शक्यतो वैद्यभगिनीने, एकांतात विचारावा. रजःकालातील वस्त्रे वाळविण्यास आडोसा नसणे, ओलसर वस्त्रांमुळे मांड्यांत उठणारा कंडू, हेही विचारल्यावाचून कळत नाही.

पूर ओसरल्यावर घरातील चिखल उपसतात त्या बहुधा स्त्रियाच. गोठाही त्याच धुतात. दुष्ट चिखलाच्या स्पर्शाने होणारा ‘अलस’ सुश्रुताचार्यांनी वर्णिला आहे. त्याच आपल्या चिखल्या. निंबक्वाथाने पाय धुऊन, कोरडे करून करंजतेल लावावे. मात्र अशाच भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचा शिरकाव होतो. ज्वर, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली दिसल्यास काढ्यावर वेळ न दवडता रुग्णेस रुग्णालयात धाडावे. प्रतिबंधासाठी वाटल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या गर्भिणीने आधुनिक वैद्यकाच्या तज्ज्ञांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. वाटप करणाऱ्यास आपण गर्भवती असल्याचे सांगण्याचा संकोच नवविवाहितेस होतो, हे ध्यानी ठेवावे.

औषधालयचालकांस एवढेच, की पुराचे पाणी लागलेली चूर्णे व गुटिका वाळवून पुन्हा बरण्यांत भरू नयेत. सॅनिटरी नॅपकिन व क्लोरीनच्या गोळ्या मृगापूर्वीच वरच्या फळीवर ठेवाव्यात. मदतीच्या ट्रकवरून पुरुष कार्यकर्ते नॅपकिन वाटू लागले, की मागावयास कोणी पुढे येत नाही. ते पुडके आशाताई किंवा अंगणवाडीताईंच्या हाती सोपवावे.