यादी एकाकडे नसताना माल शोधायचा कसा?

व्यापारी बांधवांनो, पेठेत मालाइतकेच माल कुणाकडे आहे या माहितीला मोल असते. संगणकांच्या जाळ्यातही तसेच आहे. काही जाळ्यांत मुख्य गोदाम नसते. प्रत्येक संगणक दुकानदारही असतो आणि गिऱ्हाईकही. मग लाखो संगणकांत हवी ती वस्तू शोधायची कशी?

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर सुरू झाले. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण यादी नॅपस्टरकडे. शोध झटपट लागे. परंतु स्वामित्वहक्काचा खटला झाला, २००१ मध्ये यादी बंद पडली आणि सारी देवघेव थांबली. २००० साली ग्नुटेला आले. त्यात मुख्य यादीच नव्हती. शेजाऱ्याला विचारायचे, त्याने पुढच्यांना. एका थानासाठी साऱ्या बाजारात हाकाटी! त्यात काही टप्प्यांनंतर विचारणा थांबे, म्हणून दूरचा माल असूनही सापडत नसे.

२००१ मध्ये एमआयटी व बर्कले येथील संशोधकांनी ‘कॉर्ड’ ही पद्धत मांडली. तिच्यात वस्तूच्या नावावरून गणिताने एक क्रमांक निघतो. संगणकांनाही असेच क्रमांक असतात आणि ते सर्व एका वर्तुळावर मांडलेले मानतात. वस्तूच्या क्रमांकानंतर जो पहिला संगणक येतो, तिचा पत्ता त्याच्या वहीत. प्रत्येकाकडे साऱ्या बाजाराची यादी नसते; अर्ध्या वर्तुळावरचा, पाव वर्तुळावरचा, त्याच्याही निम्म्यावरचा, असे मोजकेच पत्ते असतात. प्रत्येक विचारणेत उरलेले अंतर निदान निम्मे होते. म्हणून दहा लाख संगणकांतही साधारण वीस विचारणांच्या आत काम होते. संगणक दुप्पट झाले तर एखादीच विचारणा वाढते.

यात अडचणीही आहेत. नाव तंतोतंत ठाऊक हवे. ‘असे काहीतरी’ म्हणून भागत नाही. संगणक केव्हाही बंद होतात, म्हणून पत्त्यांच्या नकला पुढच्या काही संगणकांकडे ठेवाव्या लागतात आणि वह्या वरचेवर तपासाव्या लागतात. २००२ साली आलेल्या ‘कॅडेम्लिया’ पद्धतीत येणाऱ्या-जाणाऱ्या विचारणांतूनच वही ताजी होत राहते. बिटटोरंटने पुढे हीच पद्धत घेतली.

आपला धडा सरळ आहे. ज्याच्या हाती यादी, त्याच्या हाती बाजार. दलालामार्फत वा मोबाईलवरून माल जरूर विकावा, पण गिऱ्हाइकांचे पत्ते आपल्या वहीतही असू द्यावेत.