प्राणहितेवरचा तिसरा अडसर

2016च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या 111 जलमार्गांत वैनगंगा-प्राणहिताही आहे. ती नोंद वाचली की मला हीच वाट होड्यांना खुली करू पाहणारा ब्रिटिश अभियंता कॅप्टन हेग आठवतो. सर आर्थर कॉटनचे पुतळे आंध्रात ठिकठिकाणी दिसतात. गोदावरी-प्राणहितेच्या खडकांत प्रत्यक्ष राबलेल्या हेगला मात्र आपण विसरलो.

1852मध्ये कॉटनचं धवळेश्वरमचं धरण पुरं झालं, कालव्यांतून होड्या चालू लागल्या. मग पुढचं स्वप्न पडलं: होड्या गोदावरीतून सिरोंच्याला, तिथून प्राणहितेतून थेट वर्धेच्या कापूसपट्ट्यात न्यायच्या. 1861मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष इकडे वळलं. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरी तालुक्यातलं देवलमरी.

उपाय असा की खडकाला वळसा घालणारा कालवा काढायचा आणि त्यात लॉक बांधायचे. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. होडी कप्प्यात शिरली की खालचं दार बंद, वरून पाणी आत, होडी आपोआप वर. पंप नाही, इंजिन नाही! यातली दारं तर काय देखणी: दोन पाखं वरच्या प्रवाहाकडे टोक करून मिळतात, त्यामुळे पाण्याचा दाबच ती घट्ट मिटवून धरतो. मिलानच्या कालव्यांसाठी लिओनार्दो दा विंचीने काढलेलं अशा दाराचं चित्र आजही पाहायला मिळतं.

पण प्रत्येक होडीमागे वरचं कप्पाभर पाणी खाली जातं. गोदावरी खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग प्राणहितेकडे उतरतो, तरी पाणी येतं ते मुख्यतः पावसाळ्यात, आणि तेव्हाच्या लोंढ्यात होडी लॉकच्या तोंडाशी धरणंच अवघड. उन्हाळ्यात उलटी गत: नदीचं पात्र उघडं पडतं आणि खडक वर येतात. त्यात 1867मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. 1871मध्ये सरकारने योजना सोडून दिली. दुम्मागुडेमचा बंधारा उरला, तो पुढे सिंचनाला लागला.

म्हणून आजच्या जलमार्गाच्या नकाशावर माझा विश्वास नाही. इथलं लोहखनिज बार्जमधून नेता येईल, असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न मे महिन्यातल्या खोलीचा विचारावा. मिलानने 2015मध्ये दार्सेना हे जुनं कालवा-बंदर नव्याने खुलं केलं, ते मालासाठी नव्हे, माणसांना काठावर बसता यावं म्हणून. सिरोंच्याला असा काठ हवा. 2022च्या एप्रिलमध्ये पुष्कर या नदीस्नानाच्या पर्वाला तिथे भाविकांची रीघ लागली होती. घाट, सावली आणि हेगच्या योजनेचा मोठा नकाशा, एवढं तरी बारमाही असावं; पाणी पुरेसं आणि शांत असेल तेव्हा देवलमरीच्या खडकांपर्यंत साधी प्रवासी नावही. आणि शेजारी एक फलक, केंद्रीय जल आयोगाच्या प्राणहितेवरल्या टेकरा केंद्रावर मोजलेल्या पाणीपातळीचा, महिन्यामहिन्याचा.