गल्ला मांडण्याआधी (लेखांक 3) : गिऱ्हाईक थांबतं कशाला?

मागच्या आठवड्यात भांडवलाचा हिशेब मांडला. आज जागा. कर्जत-खालापुरात धंदा काढायचा म्हटलं की बहुतेकांच्या मनात आधी वडापावची गाडी नाहीतर चहा-नाश्त्याचा गाळाच येतो. "जागा मोक्याची आहे" एवढ्या भरवशावर डिपॉझिट दिलं जातं. लोक तिथे कशामुळे थांबतात, आणि ते कारण किती वर्षं टिकेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

कर्जत स्टेशनच घ्या. दिवाडकरांचा वडा चवीने नावारूपाला आला हे खरं, पण त्याच्यापुढे गिऱ्हाईक आणून उभं केलं ते भोर घाटाने. कर्जतच्या पुढे लोहमार्गाचा चढ 37 फुटांना एक फूट इतका कडक आहे. म्हणून पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून रेटा द्यायला बँकर इंजिनं जोडतात, आणि ती जोडेपर्यंत गाडी फलाटावर उभी. पोटात भूक, हाताशी चार मिनिटं आणि खिडकीखाली गरम वडा. जाहिरातीवर लाखो रुपये उधळूनही असं गिऱ्हाईक मिळत नाही.

पण 10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या मोटारी डब्यांखालीच विभागलेल्या असल्यामुळे ती बँकरशिवाय घाट चढते. एका गाडीने फलाट ओस पडत नाही, पण उद्या अशाच गाड्या वाढल्या तर थांब्याच्या जिवावर उभ्या असलेल्या धंद्याने काय करायचं?

रस्त्यावर हे आधीच घडून गेलंय. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण होण्याआधी मुंबई-पुण्याची वाहतूक चौक, खालापूर, खोपोली करत घाटाला लागायची. मग लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या रस्त्याने गेल्या, आणि त्यांचा चहा-नाश्ता फूड मॉलमध्ये. जुन्या रस्त्यावर तग धरायचा तर दोनच आधार उरले : वाट वाकडी करून यावं अशी चव, नाहीतर आसपासच्या कारखान्यांतलं आणि गावातलं रोजचं गिऱ्हाईक.

तिसरं गिऱ्हाईक पावसाळी. जून लागला की धबधब्यांकडे झुंबड उडते. या गर्दीवर वर्षाची कमाई काढायचा बेत मला तरी धोक्याचा वाटतो. अपघात वाढले की प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाईचा आदेश काढतं, आणि भरून ठेवलेला माल तसाच राहतो. चार शनिवार-रविवार बुडाले तर काय, हे आधीच कागदावर मांडा.

कागदाचं निघालंच आहे तर एक हिशेब करू. आकडे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. गाळ्याचं भाडं 8,000, मदतनीस 12,000, लाइटबिल 2,000, कर्जाचा हप्ता 5,000. म्हणजे वडा विकला जावो न जावो, महिन्याला 27,000 जाणार. वडापाव 18 रुपयांना विकला आणि बटाटा, बेसन, तेल, गॅस, पाव धरून 10 रुपये पडला, तर हातात 8 उरतात. 27,000 भागिले 8, म्हणजे 3,375 वडापाव. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज 130. हे फक्त ना नफा ना तोटा. यात तुमची मजुरी नाही, उरलेल्या मालाचं नुकसान नाही, आणि पहाटे पाचला उठणाऱ्या बायकोची मेहनत तर आपल्याकडे हिशेबात धरायची पद्धतच नाही. ती धरा.

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गामुळेही बरेच जण चौक आणि कर्जतकडे डोळे लावून आहेत. सुमारे 30 किलोमीटरच्या या मार्गावर पनवेल, चिखले, मोहपे, चौक आणि कर्जत अशी पाच स्थानकं आखली आहेत. लोकल आली की माणसं येतील, हे बरोबर. पण भाडं लोकलच्या आधी चढतं. आजच उद्याच्या गर्दीचं भाडं मोजत बसलात, तर गर्दी येईपर्यंत भांडवल संपेल. शिवाय गाळ्याचा करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. धंदा जमायला लागतो तोच मालक नवा आकडा सांगतो. म्हणून भाडेवाढ किती हे करारातच लिहून घ्या आणि करार नोंदवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारकच आहे.

कर्जत तालुक्यातच वेगळी वाटही दिसते. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बाग उभी केली. तिथे कुणी जाता जाता थांबत नाही. शेत पाहायला, तळ्यावर बसायला लोक ठरवून येतात. असं गिऱ्हाईक जमायला वर्षं लागतात, पण रेल्वेने इंजिन बदललं म्हणून ते तुटत नाही.

अन्नपदार्थांची नोंदणी आणि उद्यम नोंदणी यांबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर एक करा. डिपॉझिट देण्याआधी ठरवलेल्या जागेसमोर एक मंगळवार आणि एक रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहा. किती माणसं जातात ते नको, किती थांबतात ते वहीत लिहा.