वाटेवरचा हक्क

भाईंदर पूर्वेच्या खारी गावात मान वर करून चाललं, तर आभाळाआधी वायरी दिसतात. गच्चीवरून गच्चीवर, विजेच्या खांबावरून जिन्याच्या खिडकीत गेलेल्या काळ्या वायरींच्या जुड्या. जुन्या गावाभोवती इमारती उभ्या राहिल्या आणि वस्ती दाटली. २०११च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर पोचली होती. मुलांचा अभ्यास, रेल्वेचा पास, बँकेचा व्यवहार, गावाकडच्या आईशी बोलणं, हे सगळं आता त्या वायरींमधून किंवा मोबाइलच्या टॉवरवरून चालतं.

वायर टाकणाऱ्याने पैसे घ्यावेत, याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्या वायरीतून काय यावं, काय लवकर यावं आणि काय अडावं, हे त्याने ठरवायचं का? जगभर या वादाला ‘नेट न्यूट्रॅलिटी’, म्हणजे इंटरनेटची तटस्थता म्हणतात. अमेरिकी कायदेतज्ज्ञ टिम वू यांनी २००३ साली हा शब्दप्रयोग रूढ केला. भारतातल्या वादात मुंबई आणि तिच्या आसपासचा हा पट्टा सुरुवातीपासून मध्यभागी राहिला आहे.

बांधाचा मोबदला

मिरा-भाईंदरच्या मातीला हा प्रश्न दुसऱ्या रूपात ओळखीचा आहे. १८७० साली ब्रिटिश सरकारने घोडबंदर, मिरे, भाईंदर परिसरातली मोठी जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने एका खाजगी पट्टेदाराला दिली. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून त्याने बांध राखावेत, अशी त्यामागची अपेक्षा होती. पुढे ते हक्क एका कंपनीकडे आले. शेतं गेली, इमारती आल्या, तरी त्या जुन्या कागदाच्या आधारावर कंपनीच्या ना-हरकत दाखल्याचा प्रश्न उभा राहिला. महसूल खातं आणि न्यायालयं यांच्यासमोर तो वर्षानुवर्षं गाजला.

बांध राखणाऱ्याला मोबदला मिळणं रास्त होतं. पण एका कामाच्या मोबदल्यातून पुढच्या प्रत्येक व्यवहाराला परवानगी देण्याचा अधिकार उगवला, की लोक आपल्याच गावात अर्जदार होतात. इंटरनेटच्या बाबतीत आज नेमकी हीच हद्द आखायची आहे. जोडणीचे पैसे घेण्याचा हक्क कुठे संपतो आणि परवानगी देण्याची सत्ता कुठे सुरू होते, हे एकदा कागदावर पक्कं व्हायला हवं.

पहिला पहारेकरी सरकारी होता

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ते देणारी विदेश संचार निगम लिमिटेड ही सरकारी कंपनी मुंबईची होती. नोव्हेंबर १९९८मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळेपर्यंत देशातल्या ग्राहकासाठी इंटरनेटचं दार मुख्यतः याच कंपनीच्या हाती होतं.

ते दार कसं वापरलं गेलं, हे आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. परदेशी फोन करणं तेव्हा फार महाग होतं आणि त्यातून कंपनीला मोठं उत्पन्न मिळे. इंटरनेटवरून बोलण्याची सोय आली तेव्हा तशी सॉफ्टवेअर देणारी काही संकेतस्थळं अडवण्यात आली. अभियंते अरुण मेहता त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कारगिल युद्धाच्या काळात, १९९९मध्ये, ‘डॉन’ या पाकिस्तानी वृत्तपत्राचं संकेतस्थळही बंद झालं. इंटरनेटवरून बोलण्याला कायदेशीर मान्यता मिळाली ती १ एप्रिल २००२पासून.

या काळाने एक धडा दिला. दार राखणारा स्वतःही काही विकत असेल, तर त्याच्या मालाशी स्पर्धा करणारी गोष्ट दारात अडते. मालक सरकार असो की कंपनी, त्याने फरक पडत नाही. म्हणून ‘खाजगी वाईट, सरकारी चांगलं’ एवढ्यावर हा वाद मिटत नाही. दार ज्याच्या हाती आहे त्याला बांधणारा नियम लागतो.

२०१५चं वर्ष

डिसेंबर २०१४मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी डेटाचे वेगळे दर जाहीर केले आणि विरोध होताच थोड्याच दिवसांत मागे घेतले. १० फेब्रुवारी २०१५ला फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ भारतात आणलं. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता आणि सेवा मराठीतही होती. ज्याला डेटा परवडत नाही त्याला तीसहून अधिक निवडक संकेतस्थळं फुकट मिळणार होती. निवडीच्या अटी मात्र फेसबुकच्या होत्या आणि वाहतूक त्याच्याच सर्व्हरमधून जाणार होती. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ आलं. त्यात डेटाचे पैसे ग्राहकाऐवजी अॅपची कंपनी भरणार होती.

त्याच सुमाराला, २७ मार्च २०१५ रोजी, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ‘ट्राय’ने एक सल्लामसलत-पत्र काढलं. ११८ पानं, २० प्रश्न, तेही तांत्रिक इंग्रजीत. एरवी अशा कागदांना कंपन्यांचे वकील उत्तरं देतात. या वेळी निखिल पाहवा आणि इतर कार्यकर्त्यांनी ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहीम उभी केली, मुंबईच्या ‘एआयबी’ या विनोदी गटाने विषय समजावणारा व्हिडिओ काढला, आणि ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. १४ एप्रिलला फ्लिपकार्ट ‘एअरटेल झीरो’मधून बाहेर पडलं.

‘इंटरनेट डॉट ऑर्ग’चं नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ झालं. डिसेंबरमध्ये ट्रायने दरांच्या भेदभावावर दुसरं पत्र काढलं, आणि वर्तमानपत्रांत फ्री बेसिक्सच्या पानभर जाहिराती झळकल्या. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. ‘मूलभूत’ काय हे एका कंपनीने का ठरवावं? लोक काय वाचतात हे तिला का दिसावं? आणि फुकट सेवेचा खर्च शेवटी कुणाकडून वसूल होणार? असे त्यांचे आक्षेप होते.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निकाल दिला. आशय पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड. आणीबाणीच्या सेवांना सूट. फ्री बेसिक्सचं भारतातलं दार बंद झालं. पुढे नोव्हेंबर २०१७मध्ये ट्रायने वेगातल्या आणि अडवणुकीतल्या भेदभावाविरुद्धही शिफारशी केल्या. सरकारने त्या जुलै २०१८मध्ये स्वीकारल्या आणि कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत त्या आल्या. अमेरिकेत याच्या उलट घडलं. तिथल्या दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०१७मध्ये तटस्थतेचा नियम काढला, २०२४मध्ये परत आणला आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने तो पुन्हा रद्द केला.

गरिबाचं काय?

या लढ्याला एक गंभीर आक्षेप होता आणि त्याला टाळून पुढे जाणं योग्य नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं फुकट मिळत असेल, तर पोटभरल्यांनी ते का अडवावं? विकिपीडियासारख्या ना-नफा ज्ञानकोशानेही २०१३मध्ये एअरसेलबरोबर ‘विकिपीडिया झीरो’ हा फुकट वाचनाचा प्रयोग भारतात केला होता. त्यामागे नफ्याचा हेतू नव्हता.

तरीही मला तो मार्ग पटत नाही. इंटरनेटवर माणूस वाचक असतो तसाच लिहिणाराही असतो. आगरी बोलीत गाणी करणारा खारीचा तरुण, शाळेसाठी गणिताचे व्हिडिओ बनवणारी शिक्षिका, छोटं मराठी नियतकालिक, यांपैकी कुणाकडेही फुकट यादीत शिरण्यासाठी पैसा किंवा ओळख नसते. गरिबाला निवडक खिडकी दिली, तर त्याला दुसऱ्या गरिबाने केलेलं काही दिसतच नाही. दिसतो तो आधीच मोठा झालेला.

आणि परवडण्याचा प्रश्न सुटला तो दुसऱ्याच वाटेने. ५ सप्टेंबर २०१६ला जिओची सेवा सुरू झाली आणि स्पर्धेमुळे सगळ्याच डेटाचे दर कोसळले. लोकांना संपूर्ण इंटरनेट स्वस्त मिळालं. या चित्राची दुसरी बाजूही आहे. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. बाजारात मोजके खेळाडू उरतात तेव्हा ग्राहकाला पाठ फिरवून दुसरीकडे जाणं अवघड होतं आणि नियमाची गरज वाढते.

खाडीपलीकडचा प्रयोग

भाईंदरची खाडी ओलांडली की पालघर जिल्हा. या जिल्ह्यातल्या खामलोली आणि आजूबाजूच्या गावांत आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ हा प्रयोग केला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या पण रिकाम्या राहिलेल्या लहरींवरून गावागावांत इंटरनेट पोचवायचं, ही सुरुवातीची कल्पना. नंतर परवाना न लागणाऱ्या लहरी वापरून पंचवीसेक गावांपर्यंत काम वाढलं. या रचनेत ग्रामपंचायत भागीदार होती आणि गावातलाच तरुण सेवा चालवणार होता.

फ्री बेसिक्ससारख्या योजनांना खुला पर्याय शोधण्यासाठी मोझिला या संस्थेने जागतिक स्पर्धा घेतली. तिचं १ लाख २५ हजार डॉलरचं पहिलं पारितोषिक मार्च २०१७मध्ये ‘ग्राममार्ग’ला मिळालं. निवडक फुकटपणाला दिलेलं हे कृतीतलं उत्तर पालघरच्या गावांतून गेलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा आणि त्याचा विस्तार का होत नाही हेही विचारायला हवं.

आता कुठे लक्ष ठेवायचं

धोका आता नव्या नावाने येतो आहे. दूरसंचार कंपन्यांची संघटना मागणी करते की व्हिडिओ आणि संदेशाच्या मोठ्या सेवांनी जाळ्याच्या खर्चात ‘न्याय्य वाटा’ द्यावा. ऐकायला हे रास्त वाटतं. पण डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले असतात. दक्षिण कोरियात असं शुल्क प्रत्यक्षात आलं. तिथला खर्च परवडत नाही असं सांगून ट्विच या व्हिडिओ सेवेने फेब्रुवारी २०२४मध्ये तो देश सोडला. मोठ्या कंपन्या शुल्क भरून टिकतील. छोट्यांचं काय होईल, ते यावरून दिसतं.

दुसरी जागा आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. बिल्डर किंवा सोसायटी एकाच पुरवठादाराशी करार करते आणि बाकीच्यांना वायर आणू देत नाही, हा अनुभव शहरांत नवा नाही. असे एकाधिकार नकोत, असं ट्रायने जानेवारी २०१७च्या शिफारशींत सांगितलं आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्यातही वायर नेण्यासाठीचा मार्गाचा हक्क भेदभाव आणि मक्तेदारीविना द्यावा, अशी तरतूद आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव करून एकापेक्षा जास्त पुरवठादारांना वाट खुली ठेवणं, हे खारीतल्या कुठल्याही इमारतीला आज जमण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट राज्य सरकारने करायची. २०१५ची मोहीम शहरी आणि इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांनी जिंकून दिली. ज्यांच्या नावाने फ्री बेसिक्सची जाहिरात झाली, त्या माणसांपर्यंत ट्रायचे प्रश्न पोचलेच नव्हते. असं प्रत्येक सल्लामसलत-पत्र मराठीत उपलब्ध करून देणं आणि मराठीतली उत्तरं दिल्लीपर्यंत पोचवणं, याला मोठा खर्च लागत नाही. कंपन्यांची उत्तरं वेळेवर जातातच. भाजीवाली, रिक्षावाला, शिकवणी घेणारी शिक्षिका आणि मिठागरातला कामगार यांची उत्तरंही त्याच टेबलावर पडली, तर पुढचा नियम त्यांना डावलून लिहिता येणार नाही.